कोरडा श्रावण आणि ढगांचे फोटो

यंदाचा श्रावण कोरडा चाललाय. मुलुंडच्या आमच्या गॅलरीतून दिसणारा डोंगर हिरवा आहे, पण त्या हिरव्यावर धूळ बसल्यासारखी वाटते. दुपारचं ऊन असं, की दोरीवरची चादर बघता बघता कडक होते. काल माझी मुलगी मनीषा आली होती. तिने फोन माझ्यापुढे धरला.

"आई, हे बघ. उपग्रहाचं चित्र. समुद्रावर एवढे ढग आहेत, पण आपल्याकडे वळतच नाहीयेत."

फोनवर अरबी समुद्र होता. पांढरे पुंजके हळूहळू सरकत होते, मागे येत होते, पुन्हा सरकत होते. मनीषा कौतुकाने एकेक दाखवत राहिली. कुठला उपग्रह समुद्राचं पाणी किती तापलंय ते बघतो, कुठला लाटांची उंची मोजतो, कुठला पाण्यावरून वाहणारा वारा. मी जरा वेळ पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"काय झालं गं?"

"काही नाही. डोळे दुखतात."

डोळ्यांना काही झालं नव्हतं. कान गरम झाले होते. मनीषाचे वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. तरी आकाशातून काढलेलं ढगांचं चित्र समोर आलं की माझे कान तापतात. सत्त्याऐंशी सालचा श्रावण असाच कोरडा होता. मनीषा तेव्हा बालवाडीत होती, तिला त्यातलं काही आठवत नाही. मला सगळं आठवतं, अगदी वासासकट.

वास आंबट होता, शिळ्या व्हिनेगरसारखा. आमचे हे संध्याकाळी घरी आले की आधी तो वास दारातून आत यायचा. हे हवामानाच्या एका कार्यालयात होते, फोटो विभागात. उपग्रहाकडून जे काही येई ते यंत्र फिल्मवर उतरवी. ती फिल्म धुवायची, तिचे मोठे फोटो छापायचे, वाळवायचे आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायचे, हे यांचं काम. दिवसभर अंधाऱ्या खोलीत, रसायनांच्या ट्रेमध्ये हात. नखं तपकिरी झालेली. जेवायच्या आधी लिंबाची साल घासून घासून हात धुवायचे, तरी घास तोंडात घालताना तो वास येतो म्हणायचे.

मालवणहून आले तेव्हा लालबागच्या एका स्टुडिओत लग्नाचे फोटो धुवायला लागले होते. माझे सासरे गिरणीत, पण त्यांनी मुलाला गिरणीत पाठवलं नाही. स्टुडिओतून मग ही सरकारी नोकरी लागली. "पूर्वी नवरा-नवरी धुवायचो, आता ढग धुतो," असं हे पाहुण्यांना सांगायचे आणि पाहुण्यांच्या आधी स्वतःच हसायचे.

त्याच सुमाराला टीव्हीवर बातम्यांच्या शेवटी उपग्रहाचं चित्र दाखवायला लागले. आपल्या देशाचा नकाशा आणि त्यावर कापसासारखे ढग. आमच्या सोसायटीत तेव्हा थोड्याच घरी टीव्ही होता. आम्ही सेक्रेटरी तावड्यांकडे बघायला जायचो. एका संध्याकाळी चित्र आलं तसं तावडे म्हणाले, "परब, हे तुमच्या ऑफिसातलं ना?"

"असलेच फोटो रोज माझ्या हाताखालून जातात," हे म्हणाले.

खोलीतल्या सगळ्यांनी यांच्याकडे वळून पाहिलं. तावड्यांच्या मिसेसनी मला चहा दिला तो बशीतून नाही, ट्रेमधून.

यांचं म्हणणं खरंच होतं. पण त्यानंतर सोसायटीतली माणसं यांना विचारायला लागली. उद्या गच्चीवर पापड घालू का? रविवारी साखरपुडा आहे, मांडव बाहेर घालू की हॉल बघू? हे गॅलरीत जाऊन वर बघायचे, जरा थांबायचे आणि सांगायचे. एप्रिल-मेमध्ये "पाऊस नाही" म्हणायला काय लागतं? एकदा मात्र यांनी "पापड घालू नका" म्हटलं आणि दुपारी खरोखरच अवकाळी सर आली. झालं. तेव्हापासून चुकलेलं सगळे विसरायचे आणि ती एक सर लक्षात ठेवायचे. नळावर मला 'हवामानवाल्या वहिनी' म्हणायला लागले. "तुमचे मिस्टर ऑफिसर आहेत ना तिथे?" कोणी असं विचारलं की मी हसायचे. हसण्याचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावायचा.

खरं सांगायचं तर आम्हाला ते आवडत होतं. गिरणीतल्या माणसाचा मुलगा, दहावी शिकलेला, अंधारात काम करणारा. त्याला उजेडात कोणी काही विचारत होतं.

मग ते साल आलं. देशभर दुष्काळ पडला. गावाहून येणारी माणसं भातशेतीला भेगा पडल्याचं सांगायची. मुंबईत पाणीकपात सुरू झाली. आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूने महापालिकेच्या मोठमोठ्या पाइपलाइनी जातात, माणूस उभा राहील एवढ्या. तलावांचं पाणी त्यांतून शहराकडे जातं. कान लावला की आत पाणी वाहिल्याचा आवाज येई. आणि आमच्या नळाला सकाळी थोडा वेळ करंगळीएवढी धार. एके ठिकाणी पाइपचा सांधा गळायचा, तिथे बायका हंडे लावून बसायच्या.

त्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी वास मारायला लागलं. तळाशी गाळ साचला होता, कोणाकोणाची पोटं बिघडली होती. टाकी साफ करायची तर आधी उरलंसुरलं पाणी सोडून द्यावं लागणार. तावड्यांनी गच्चीवर मीटिंग बोलावली. संध्याकाळची वेळ होती, आकाश घासल्यासारखं स्वच्छ. निम्मे लोक म्हणत होते आत्ता साफ करू, निम्मे म्हणत होते पाऊस सुरू होऊ दे, कपात उठू दे, मग बघू. वाद मिटेना.

तेव्हा तावडे आमच्या ह्यांच्याकडे वळले. "परब, तुम्हीच सांगा. फोटो काय म्हणतो?"

मी बायकांमध्ये बसले होते. मला यांचा चेहरा दिसत होता. त्या दिवशी सकाळी यांनी एक फोटो धुतला होता, त्यात किनाऱ्यापासून दूर समुद्रावर मोठा पांढरा गठ्ठा होता. कामावरून आल्यावर रिकामा डबा काढताना ते मला बोललेही होते. हे जरा थांबले, नेहमीसारखं वर बघितलं आणि म्हणाले, "समुद्रावर ढग मोठा आहे. दोन दिवसांत इथे येईल. टाकी साफ करून घ्या."

माझा ऊर भरून आला. शेजारी बसलेल्या सुनंदाने माझ्या हातावर हात ठेवला. सुनंदा तिसऱ्या मजल्यावरची, तिचे दिवस भरत आले होते. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "बाळ घरी येईपर्यंत पाणी येईल."

रविवारी टाकी रिकामी केली. चार-पाच पुरुष आत उतरले, गाळ काढला, ब्लीचिंग पावडर टाकून घासली. हे सगळ्यांत पुढे होते. झाकण लावून खाली आले तेव्हा यांचे पाय पोटऱ्यांपर्यंत काळे झाले होते आणि चेहऱ्यावर समाधान होतं.

दुसऱ्या दिवशी हे कामावरून आले आणि थेट मोरीत गेले. बराच वेळ हात धुण्याचा आवाज येत राहिला. मी टॉवेल घेऊन दाराशी गेले.

"गेलो तो ढग," हे म्हणाले. रागात किंवा काळजीत असले की यांच्या तोंडी मालवणी यायची. "वर गेलो. मस्कताच्या बाजूक. आजच्या फोटोत इथे काय एक नाय."

"परत येईल ना?"

यांनी नळ बंद केला. तसाही त्यातून काही येत नव्हतं, बादलीतलं पाणी घेत होते.

तो ढग परत आला नाही. दोन दिवस गेले, आठवडा गेला. कपात वाढली. धुतलेली टाकी वर कोरडी पडून राहिली. उन्हात तिच्या सिमेंटचा वास जिन्यात उतरायचा. टँकर यायचा तेव्हा माणसं एकमेकांना ढकलायची, आणि हे गर्दीत मागे उभे राहायचे. टँकर गेला की गळक्या सांध्यापाशी जाऊन भरायचे. आपल्या घरात एक हंडा, बाकीचे दुसऱ्यांच्या दाराशी. म्हाताऱ्या माणसांच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या. दार वाजवून हंडा ठेवायचे आणि दार उघडायच्या आत खाली उतरायचे. लोक घ्यायचे. नको कोण म्हणणार? पण दुसऱ्या दिवशी हंडा आमच्या दाराबाहेर पालथा घालून ठेवलेला असायचा, आत आणून द्यायला कोणी यायचं नाही.

नळावर कोणी मला काही लागट बोललं नाही. एकीने फक्त विचारलं, "वहिनी, पुढच्या आठवड्यात काय म्हणतात?" आणि दुसऱ्या एकीने तिला कोपराने ढोसलं. मी घागर अर्धी भरली आणि घरी आले.

सुनंदाला मुलगी झाली. तिला दूध पुरत नव्हतं म्हणून बाटली सुरू केली होती, आणि बाटली धुवायला तेच सांध्याचं पाणी. बाळाला जुलाब सुरू झाले. दवाखान्यात ठेवावं लागलं. हे रोज कामावरून येताना दवाखान्यापाशी उतरायचे. वर जायचे नाहीत. रस्त्याच्या पलीकडे उभे राहायचे आणि सुनंदाचा नवरा बाहेर आला की लांबूनच त्याचा चेहरा बघायचे. हे मला पुढे त्यानेच सांगितलं. बाळ बरं होऊन घरी आलं. कोणी म्हणालं नाही की हे परबांमुळे झालं. डॉक्टर म्हणाले होते, त्या दिवसांत मुलुंडभर असे पेशंट होते. मी हे यांना सांगितलं. यांनी ऐकून घेतलं आणि पानातला भात तसाच ठेवून उठले.

लाज रागासारखी नसते. राग बाहेर पडतो, कशावर तरी आदळतो. लाज घरात राहायला येते. तिचं पान मांडावं लागतं, तिला पुढे घालून जिना उतरावा लागतो. त्या दिवसांत आम्ही दोघं एकमेकांशी फार थोडं बोलायचो. मनीषाची वेणी, तिचा डबा, पोळी आणखी हवी का, एवढंच.

अजून एक गोष्ट उरली होती. पाऊस लांबल्याची चर्चा सुरू झाली तेव्हाच, टाकीच्याही आधी, तावड्यांनी गणपतीत व्याख्यान ठरवलं होतं. 'उपग्रह आणि आपला पाऊस.' यांच्या साहेबांना बोलवायचं, आणि बोलवायचं यांनी. तेव्हा यांनी मोठ्या उत्साहाने साहेबांना विचारलं होतं. साहेब लगेच हो म्हणाले होते. आता हे तावड्यांना म्हणाले, "साहेब कामात आहेत, जमेलसं वाटत नाही." तावडे शांतपणे म्हणाले, "पत्रिका छापून झाल्यात परब. मंडपात लावल्यापण."

साहेब आले. जोग त्यांचं नाव. उंच, किरकोळ अंगाचे, साधा बुशशर्ट. त्यांनी गणपतीला नमस्कार केला आणि बोलायला उभे राहिले. मंडप भरला होता. मोठे छापील फोटो बरोबर आणले होते आणि ते लोकांना दिसतील असे धरून उभं राहायला अर्थातच हे होते. फोटो एवढा मोठा की त्यामागे यांचा चेहरा झाकला जायचा. दोन्ही कडांना फक्त बोटं दिसायची.

साहेब सुरेख बोलले. म्हणाले, आपला पाऊस समुद्रावर तयार होतो आणि समुद्रावर बघायला कोणी नसतं. चार जहाजं जातात, ती आपल्या वाटेने. म्हणून वर डोळा ठेवावा लागतो. एक उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, त्यामुळे तो आपल्या डोक्यावर एकाच जागी थांबल्यासारखा असतो आणि सतत आपली बाजू बघत राहतो. दुसरे काही खालून, ध्रुवांवरून फिरत जातात, पृथ्वीची पट्टी पट्टी बघत. ढगाचा माथा किती थंड आहे, समुद्र किती ऊबदार आहे, तेही वरून कळतं. बायका मन लावून ऐकत होत्या. सुनंदा बाळाला मांडीवर घेऊन पुढेच बसली होती. क्षणभर मलाही विसरायला झालं.

व्याख्यान अर्ध्यावर आलं तेव्हा तावड्यांनी हात वर केला. "साहेब, एका फोटोवरून सांगता येतं का, की दोन दिवसांत पाऊस येणार?"

"एका फोटोवरून ढग कुठे आहे ते कळतं," साहेब म्हणाले. "कुठे जाणार ते नाही. त्याला वारा बघावा लागतो, हवेचा दाब, आधीचे फोटो, नंतरचे फोटो. आणि ते सगळं बघूनसुद्धा आम्ही चुकतो."

"पण तुमच्या ऑफिसरनीच आम्हाला सांगितलं होतं."

"कोणी?"

"हे काय. परबसाहेबांनी."

साहेब हसले. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं, हे मी आजही सांगेन. "परब? अहो, परब ऑफिसर नाहीत. ते आमच्या फोटो विभागात आहेत, फोटो धुतात." मग त्यांना वाटलं असावं की माणसाच्या शेजाऱ्यांसमोर त्याचं चांगलं बोलावं. "पण एक सांगतो. इतके स्वच्छ प्रिंट आमच्याकडे दुसरं कोणी काढत नाही. एक डाग सापडणार नाही. आज तुम्ही जे बघताय ते सगळं यांच्या हातचं." आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. लोकही वाजवतील असं त्यांना वाटलं होतं.

एकदोघांनी वाजवल्या आणि थांबले.

फोटोच्या कडांवरची ती तपकिरी नखं मला दिसत होती. सगळे तिकडेच बघत होते. मी खाली, माझ्या मांडीवरच्या हातांकडे बघायला लागले. तेव्हा फोटो खाली आला.

"साहेब, मीच सांगितलं होतं," हे म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण मंडपात सगळ्यांना ऐकू गेला. "दोन दिवसांत येईल म्हणून. मला त्यातलं काही कळत नाही. या सगळ्यांनी विचारलं, आणि नाही म्हणवेना. टाकी माझ्यामुळे रिकामी झाली."

सुनंदाचं बाळ कुरकुरलं, तिने त्याला खांद्यावर घेतलं. मग यांनी तो फोटो बाजूला ठेवला, पुढचा उचलला आणि पुन्हा चेहऱ्यासमोर धरला. व्याख्यान अजून बाकी होतं. साहेबांना बोलावंच लागलं. संपेपर्यंत हे एकेक फोटो धरत उभे होते.

आरतीनंतर तावडे प्रसाद घेऊन यांच्याजवळ आले. "असू दे हो परब. होतं असं." तावड्यांनी भांडायला हवं होतं, चार शब्द ऐकवायला हवे होते. त्या 'असू दे'ने यांची मान जी खाली गेली ती घरी येईपर्यंत वर झाली नाही. घरी आल्यावर मी दिवा लावला, मनीषाला झोपवलं. मला यांचा राग नव्हता. पण दुसऱ्या दिवशी नळावर कुठल्या तोंडाने जाऊ हा विचार माझ्या डोक्यात यांच्या आधी आला, हेही खरं आहे.

पाऊस पुढे आला, त्याला यायचं तेव्हा. टाकी भरली. नळावर मी पुन्हा नुसती 'परब वहिनी' झाले. आम्हाला कोणी वाळीत टाकलं नाही, हळदीकुंकवाची बोलावणी आली, सुनंदाच्या मुलीच्या लांबलेल्या बारशाला आम्ही गेलो. फक्त यांना कोणी काही विचारेनासं झालं. टीव्हीवर ढगांचं चित्र आलं की तावड्यांच्या घरात माणसं जरा जास्तच शांत व्हायची. मग आम्ही तिकडे जाणंच सोडलं.

मनीषा म्हणते, आता अंदाज कसे वेळेवर येतात, वादळ कुठे धडकणार ते आधी कळतं, मच्छीमारांच्या होड्या माघारी बोलावता येतात. ऐकून बरं वाटतं. एवढे डोळे वर फिरत असतात, समुद्राचा कोपरा न् कोपरा बघत. आमच्या वेळी त्यातले थोडेच होते, आणि त्यांनी पाहिलेलं कागदावर आणायला एक माणूस अंधारात उभा असायचा.

ती अंधारी खोली मी एकदाच पाहिली, त्यानंतरच्या वर्षी. कार्यालय घरच्या माणसांना दाखवायचा एक दिवस होता. हे मला म्हणाले, "चल." मला जायचं नव्हतं. जोग साहेब भेटतील, त्यांच्याकडे कसं बघायचं? पण यांनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा गेले.

खोलीत लाल दिवा होता. दार लागल्यावर आधी काही दिसेना, नुसता तो वास. मग यांचे हात दिसायला लागले. यांनी फिल्ममधून उजेड पाडून घेतलेला, दिसायला कोरा कागद ट्रेमध्ये सोडला आणि ट्रेची एक कड हळूहळू वरखाली करायला लागले, पाळणा हलवावा तशी. कागदावर काही नव्हतं. मग एका कोपऱ्यात काळं उमटलं, पसरलं.

"तो समुद्र," हे म्हणाले. "आधी समुद्र येता."

पाठोपाठ किनारा आला, राखाडी. मला गुजरातचं टोक ओळखू आलं. समुद्राच्या मधोमध मोठा भाग पांढराच राहिला.

"आणि हे अजून यायचंय का?"

"नाय गो. तो ढग. तिथे कागद कोरोच ऱ्हवता. तिथे मी काय एक करूक नाय."

यांनी चिमट्याने फोटो उचलला, निथळू दिला, दुसऱ्या ट्रेमध्ये घातला. घाई नव्हती. एवढ्या वर्षांत मी या माणसाला काम करताना पाहिलंच नव्हतं. पांढरा गठ्ठा आमच्या किनाऱ्याच्या किती जवळ होता. मी सवयीने बोलून गेले, "मग आता इथे पाऊस..." आणि जीभ चावली.

लाल उजेडात हे माझ्याकडे बघत होते. त्या गणपतीनंतर आम्ही एकमेकांकडे असं सरळ बघितलं नव्हतं.

"विचार," हे म्हणाले.

"येईल का पाऊस?"

"माका म्हायत नाय," हे म्हणाले, आणि फोटो दोरीला लावला.